माळ्यावरच्या वह्या

मुलाखतीला गेले तेव्हा आमच्या घराच्या भिंती अजून ओल्या होत्या. 2005 चा नोव्हेंबर. जुलैअखेर कृष्णेचं पाणी सांगलीच्या गावभागात शिरलं, ऑगस्टात ओसरलं, चिखल उपसून झाला, दिवाळी येऊन गेली. तरी हात टेकला की भिंत गार लागायची आणि चुन्याचे पोपडे तळव्याला चिकटायचे. मी नेसून गेलेल्या साडीलाही तो वास होता. पूर बघितलेल्या माणसाला तो वास सांगावा लागत नाही आणि न बघितलेल्याला सांगून कळत नाही.

टेबलापलीकडं, परदेशी पाठवायची माणसं निवडायला, रोटरी क्लबची पाच माणसं बसली होती. मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते, वय 31, विमानात कधी बसलेले नाही, हे सगळं सांगून झालं. मग त्यांच्यातल्या एका वयस्कर गृहस्थांनी विचारलं, "तुमच्या घरात पाणी किती आलं होतं?"

"कमरेच्या वर," मी म्हटलं.

"फूट-इंचात?"

मला सांगता आलं नाही. मला, भूगोलाच्या बाईला. आणि दादांच्या मुलीला.

दादा म्हणजे माझे वडील. पाटबंधारे खात्यात कारकून होते. पावसाळा लागला की रोज सकाळी चालत आयर्विन पुलावर जायचे, पाण्याची पातळी वाचायचे आणि घरी येऊन वहीत लिहायचे. खात्याचं काम म्हणून नव्हे, खात्यात ते वेगळे लोक करत. दादांना स्वतःला माहीत असायला हवं असायचं. तारीख, फूट, इंच, कोयनेतून किती सोडलंय, आभाळ कसं आहे. चहाचा पहिला घोट घ्यायच्या आधी आकडा मोठ्यानं सांगायचे. सांगलीत 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 ही धोका पातळी, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. ते 1998 मध्ये गेले तेव्हा अशा बावीस वह्या होत्या, एका पत्र्याच्या ट्रंकेत, पलंगाखाली.

पाणी चढलं त्या रात्री मी घरात एकटी होते. आई मिरजेला मावशीकडं गेलेली. गावभागात सगळ्यांची तीच धांदल: जे वाचवायचं ते माळ्यावर. मी टीव्ही चढवला. शेजारच्या मुलाला हाक मारून गॅसची टाकी चढवली. शाळेच्या उत्तरपत्रिका, धान्याचे डबे, गाद्या. ट्रंक शेवटी घेऊ म्हटलं, कारण ती जड होती. मग दिवे गेले, पाणी उंबरा ओलांडून आत आलं, आणि आम्हाला गल्लीतून बाहेर काढलं.

परत आले तेव्हा ट्रंक होती तिथंच होती. आत शाईचं निळं पाणी आणि कागदाचा लगदा. आईनं मिरजेहून फोनवर विचारलं, "दादांच्या वह्या?" मी म्हटलं, "माळ्यावर आहेत." आईचे गुडघे धरलेले, ती माळ्यावर चढणार नव्हती. मी तो लगदा घमेल्यानं भरून महापालिकेच्या ट्रॉलीत टाकला.

हे मी मुलाखतीत सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नव्हतं.

निवड झाली. कार्यक्रमाचं नाव ग्रुप स्टडी एक्स्चेंज, आमच्या तोंडी नुसतं जीएसई. रोटरी फाउंडेशननं तो 1965 मध्ये सुरू केला होता. दोन देशांतल्या दोन रोटरी डिस्ट्रिक्टची, म्हणजे क्लबांच्या दोन विभागांची, जोडी लावायची. इकडून एक रोटेरियन टीम लीडर आणि 25 ते 40 वयाचे चार नोकरी-व्यवसायातले लोक तिकडं जायचे, नंतर तिकडचे तसेच इकडं यायचे. चार ते सहा आठवडे. हे चौघं रोटेरियन नसावेत, रोटेरियनच्या घरातलेही नसावेत, अशी अट होती, आणि मला ती अट फार आवडते. नाहीतर माझ्यासारखीला कोण विचारणार होतं? आमच्या घराण्यात रोटरी म्हणजे गावातल्या डॉक्टर-कारखानदारांची संध्याकाळची बैठक, एवढंच माहीत. त्यांच्या बायकांना तिथं 'ॲन्स' म्हणतात, हेही मला ट्रेनिंगमध्येच कळलं. बायकांना सभासद व्हायची मुभा रोटरीनं 1989 मध्ये दिली, म्हणजे मी चौदा वर्षांची असताना. संस्थेची स्थापना 1905 ची. हे मी कुणाला टोचून बोलायला सांगत नाही. पण निळा ब्लेझर अंगात घालून आरशासमोर उभी राहिले तेव्हा हे वर्ष माझ्या डोक्यात होतं.

विमानाचं भाडं फाउंडेशनचं. राहणं-जेवण मात्र कुणाच्या पैशानं नाही; तिथल्या रोटेरियन कुटुंबांनी आपापल्या घरी ठेवून घ्यायचं. हॉटेल नाही. पाच-सहा दिवस एका घरात, मग दुसरं घर, मग तिसरं. या कार्यक्रमाचं सगळं मर्म त्यात होतं असं मला आज वाटतं. तेव्हा त्याचीच धास्ती वाटली होती.

कोल्हापूरची एक फिजिओथेरपिस्ट, बेळगावचा बँक अधिकारी, गोव्याचा आर्किटेक्ट आणि मी. लीडर एक डॉक्टर, सगळ्यांना 'अहो-जाहो' करणारे आणि कुणी उशीर केला तर नुसतं घड्याळाकडं बघणारे. एप्रिल 2006 मध्ये आम्ही नेदरलँड्सला उतरलो. शिफोल विमानतळाची धावपट्टीच समुद्रसपाटीच्या तीन-चार मीटर खाली आहे. विमान टेकलं तेव्हा मी पहिल्यांदा विमानात बसल्याचा आनंद विसरून मनात म्हटलं, आपण पाण्याखाली आलो.

आमचा मुक्काम दक्षिणेकडच्या झीलंड प्रांतात. बेटं, खाड्या आणि त्यांच्यामधून उचललेली जमीन. प्रांताच्या मुद्रेवर लाटांतून अर्धा वर आलेला सिंह आहे आणि खाली लॅटिनमध्ये लिहिलंय: झगडतो आणि वर येतो. मिडलबर्ग ही राजधानी. डच ईस्ट इंडिया कंपनीची झीलंडची शाखा तिथलीच. माझ्या आईचं माहेर वेंगुर्ला, आणि लहानपणी सुट्टीत आम्ही बंदराकडच्या पडक्या डच वखारीत लपाछपी खेळायचो. सतराव्या शतकात ती वखार बांधून हे लोक आमच्या किनाऱ्यावर व्यापाराला आणि गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला बसले होते. मिडलबर्गच्या क्लबात माझी बोलायची पाळी आली तेव्हा मी वखारीपासून सुरुवात केली. तुमची माणसं आमच्याकडं साडेतीनशे वर्षांपूर्वी येऊन गेली, आज मी परतभेटीला आले. ते हसले, टाळ्या वाजवल्या, क्लबांच्या छोट्या झेंड्यांची अदलाबदल झाली. पण एक म्हातारे गृहस्थ नंतर जवळ येऊन म्हणाले, "ते पाहुणे म्हणून आले नव्हते. तुम्ही आला आहात." ते वाक्य मी तिथंच कागदावर टिपून घेतलं.

पहिल्या घरात पहिल्या रात्री यजमानांनी माझ्या हातात किल्ली दिली. पुढच्या दाराची. "आम्ही दोघं कामाला जाऊ, तू केव्हाही ये-जा कर." मी किल्ली हातात धरून उभी. आमच्याकडं घराला कुलूप लागायचं ते सगळे गावाला गेले तरच. एरवी कुणीतरी असतंच, आणि आलेल्या पाहुण्याला एकटं सोडणं म्हणजे अपमान. इथं पाहुण्याला एकटं सोडता येणं म्हणजे विश्वास. दोन-तीन दिवस मला ते परकेपण वाटलं. चौथ्या दिवशी दुपारी मी एकटीच दार उघडून आत आले, चहा केला, कप विसळून ठेवला, आणि त्या घरात मला झोप लागली.

अशा कितीतरी गोष्टी. सकाळी पावावर लोणी लावून त्यावर चॉकलेटचे बारीक दाणे पसरून खातात, मोठी माणसंसुद्धा, गंभीरपणे. संध्याकाळी सहाला जेवण. खिडक्यांचे पडदे रात्रीही उघडे. कुणाचा वाढदिवस असला तर ज्याचा आहे त्याचंच नाही, त्याच्या आईचं, भावाचं, शेजाऱ्याचंही अभिनंदन करायचं. आणि सगळ्यांच्या वाढदिवसांचं कॅलेंडर संडासाच्या भिंतीला टांगलेलं. त्यावर वार नसतात, फक्त तारखा, म्हणजे ते जन्मभर चालतं. दुसऱ्या आठवड्यापर्यंत दोन घरांच्या कॅलेंडरांत माझं नाव लागलं होतं, 6 ऑगस्टच्या चौकोनात. आमच्यातल्या फिजिओथेरपिस्टनं यावर नाक मुरडलं. मला मात्र ते पटलं. दिवसातून चार वेळा जिथं माणूस निवांत बसतो, तिथं आपली माणसं आठवावीत.

तिसरं घर झीरिकझे गावाजवळ होतं. नवरा-बायको, दोन मुलं, आणि मागच्या अंगणातल्या छोट्या घरात राहणारी यजमानांची आई. वय 66. मुलं तिला ओमा म्हणायची, म्हणजे आजी. मीही ओमा म्हणू लागले. यजमान तिथल्या जलमंडळात नोकरीला. नेदरलँड्समध्ये पाण्याची वेगळी मंडळं असतात, त्यांची वेगळी निवडणूक होते, वेगळा कर भरावा लागतो. काही मंडळं तेराव्या शतकापासून चालत आली आहेत, आजच्या त्यांच्या सरकारपेक्षा कितीतरी जुनी. बांध नीट राखायचा तर राजा कोण आहे याची वाट बघून चालत नाही, म्हणून शेजारी-शेजारी एकत्र आले. यजमानांनी मला बांधांचे तीन प्रकार दाखवले. समुद्राला भिडलेला तो 'जागा'. त्याच्या मागं, पहिला फुटला तर कामाला येणारा, तो 'झोपलेला'. आणि त्याच्याही मागं, जुना, गवत चढलेला, ज्यावर आता मेंढ्या चरतात, तो 'स्वप्न पाहणारा'. ही कवीनं दिलेली नावं नाहीत, इंजिनियर आणि शेतकरी रोज हेच बोलतात. मी ते वहीत लिहून घेतलं, आणि गेल्या वीस वर्षांत नववीच्या एकाही वर्गाला सांगितल्याशिवाय सोडलं नाही.

पण 'जागा', 'झोपलेला' आणि 'स्वप्न पाहणारा' तिन्ही एका रात्रीत फुटलेला प्रदेश होता तो.

31 जानेवारी 1953, शनिवार. वायव्येकडून वादळ आणि त्याच वेळी मोठ्या भरतीचे दिवस. रविवारी पहाटे समुद्र बांधांवरून आत आला. रेडिओ रात्री बंद असायचा, त्यामुळं हवामान खात्याचा इशारा झोपलेल्या लोकांपर्यंत पोचलाच नाही. देशभरात 1,836 माणसं गेली, त्यातली निम्म्याच्या आसपास एकट्या झीलंडमधली. बांध खुजे आहेत हे योहान फान फेन नावाचा इंजिनियर कितीतरी वर्षं मोजून, लिहून सांगत होता. वैतागून तो 'डॉक्टर कॅसांड्रा' या नावानं लिहायचा, ग्रीक कथेतली ती बाई, जिचं भविष्य खरं असतं आणि जिच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. हे ऐकताना मला पुलावरून चालत घरी येणारे दादा दिसत होते. दादांनी कुणाला इशारा दिला नव्हता. ते फक्त लिहून ठेवत होते. पण लिहून ठेवणाऱ्या माणसांची एक जात असते.

ओमानं मला आउवरकर्कला नेलं. सायकलवर. ती पुढं, मी सलवार-कमीज सावरत मागं. वाऱ्यानं मी दोनदा पडता पडता वाचले, तिनं मागं वळूनही बघितलं नाही. बांधाला पडलेलं शेवटचं खिंडार बुजवलं ते या गावात, 6 नोव्हेंबर 1953 ला. म्हणजे नऊ महिने समुद्र रोज दोनदा आत येत होता आणि बाहेर जात होता. हा आकडा मला कुठल्याही मृत्यूच्या आकड्यापेक्षा जास्त घाबरवतो. आमचा पूर आठ-दहा दिवसांत ओसरतो. ते खिंडार बुजवायला महाकाय काँक्रीटच्या पेट्या आणून बसवल्या, दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या कृत्रिम बंदरांसाठी बनवल्या होत्या त्याच धर्तीच्या. त्यातल्या एका पेटीत तेव्हा पुराचं संग्रहालय होतं. 2001 मध्ये उघडलं.

मी हिशेब केला. अठ्ठेचाळीस वर्षं.

"एवढा वेळ का लागला?" मी विचारलं.

ओमा म्हणाली, "आम्ही बोलत नव्हतो."

आत ती माझ्याबरोबर आली नाही. तिकीट काढून दिलं, आणि बाहेर पाण्याच्या कडेला बाकावर बसून राहिली. खिंडाराच्या तोंडाशी प्रवाहानं जमीन खरवडून काढलेली खोल तळी तिथं अजून आहेत, भोवती झाडं वाढलीत, बदकं पोहतात. मी तासाभरानं बाहेर आले. तिनं थर्मासमधून कॉफी ओतली, दालचिनीचा चिकट गोड बोलुस दिला, तो झीलंडचा खास. आणि तिनं मला विचारलं, "तुझ्या गावात पाणी आलं, तेव्हा तू काय उचललंस?"

काय गेलं, असं नाही विचारलं. काय उचललंस, असं विचारलं. कितीतरी जणांनी पुराबद्दल विचारलं होतं तोवर, पण हा प्रश्न पूर बघितलेलं माणूसच विचारू शकतं.

मी तिला टीव्हीचं सांगितलं. मग ट्रंकेचं. वह्यांचं, निळ्या पाण्याचं, आईला फोनवर सांगितलेल्या खोट्याचं. इंग्रजी तिचंही मोडकं आणि माझंही शाळेतलं, त्यामुळं आडपडद्याला लागणारे शब्द दोघींकडंही नव्हते. टीव्ही चढवला, वह्या नाही, आई विचारते, मी खोटं सांगते. एवढंच. परक्या भाषेत गोष्ट इतकी नागडी होते की आपलीच आपल्याला नीट दिसते.

ती बराच वेळ तळ्याकडं बघत होती. मग तिनं सांगितलं. तेरा वर्षांची होती. त्यांच्याकडं एक वासरू होतं, तिचं लाडकं. शनिवारी संध्याकाळी वारा वाढला म्हणून तिनंच त्याला गोठ्यात नेऊन बांधलं. बिथरून पळू नये म्हणून गाठ दोनदा मारली. पहाटे पाणी आलं तेव्हा सगळे माडीवर चढले. वडील गोठ्याकडं जायला निघाले, आईनं त्यांना धरून ठेवलं. वासरू बराच वेळ ओरडत होतं. रविवारी दुपारी दुसरी भरती आली, ती पहिलीपेक्षा वर चढली. पहाटेतून वाचलेली कितीतरी माणसं त्या दुपारी गेली. त्यांच्या शेजारच्या घरातली तीन गेली. "माणसं गेली होती. मग वासराचं कसं बोलणार?" ती म्हणाली. "माझ्या मुलाला माहीत नाही. नवऱ्याला मी कधी सांगितलं नाही." आणि दोन्ही हातांनी हवेत गाठ मारून दाखवली. एकदा. परत एकदा.

दावं. तिला तो शब्द हवा होता, इंग्रजीत सापडत नव्हता. मी तिला मराठीत सांगितला. आमच्याकडं नदीकाठच्या गावांत पाणी वाढतंय असं कळलं की पहिलं काम ते असतं, माणसं हलायच्या आधी दावी सोडायची. जनावर आपलं आपण उंचवट्याकडं जातं. तिनं दोन-तीनदा उच्चारून बघितला. 'दावं' मधला 'द' तिला छान जमला.

आम्ही घरी आलो. संध्याकाळी सहाला जेवलो. दोघी काही बोललो नाही.

बाकीचे दिवस भराभर गेले. 1953 नंतर समुद्राला अडवायला उभारलेला डेल्टा प्रकल्प बघायला आम्हाला मोठ्या कौतुकानं नेलं. ओस्टरस्खेल्डे खाडीच्या मुखावरचा तो अडसर खरंच छाती दडपवणारा आहे: नऊ किलोमीटरचा बांध, त्यात 65 खांब आणि 62 पोलादी दरवाजे, 1986 मध्ये पूर्ण. पण मला जास्त मोलाची वाटली ती त्यामागची भांडणं. आधी ठरलं होतं की खाडी सरळ बुजवून टाकायची. येरसेकेचे शिंपले पिकवणारे आणि मासेमार अडून बसले, पर्यावरणवाले त्यांना मिळाले; भरती-ओहोटी थांबली तर खाडी मरेल म्हणाले. सत्तरच्या दशकात सरकारनं योजना बदलली. आता दरवाजे एरवी उघडेच असतात, आणि तीन मीटरच्या वर पाणी चढणार असा अंदाज आला तरच खाली येतात. वीस-बावीस वर्षांपूर्वी घरं गमावलेले लोक, तरी समुद्राला पूर्ण बाहेर ठेवायला नको म्हणाले. आमच्याकडं कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाची उंची निघाली की दोन राज्यं दोन टोकांना उभी राहतात. मी तिथं उभं राहून विचार करत होते की भांडण तर हवंच, पण मोजमाप एकाच वहीतलं असेल तर भांडणातून काहीतरी निघतं.

4 मेच्या संध्याकाळी आठला सगळा देश दोन मिनिटं थांबतो, दुसऱ्या महायुद्धातल्या मृतांसाठी. आम्ही चौकात उभे होतो. सायकली थांबल्या, गाड्या थांबल्या. ओमा माझ्या शेजारी. ऊन अजून होतं.

निघताना तिनं काही वस्तू दिली नाही. मी तिला इचलकरंजीच्या चादरी दिल्या होत्या. दारात तिनं माझा हात धरला आणि विचारलं, "आईला सांगशील?"

सांगलीला पोचले त्याच दिवशी सांगितलं. बॅग उघडायच्या आधी. आई तांदूळ निवडत होती. तिनं ऐकून घेतलं, खडे वेचत राहिली, आणि म्हणाली, "समोरच्या काकूंनी तुला ट्रॉलीत टाकताना बघितलं होतं. त्यांनी तेव्हाच सांगितलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तू कधी बोलतेस ते बघत होते." थोड्या वेळानं म्हणाली, "नऊ महिने झाले गं."

त्या जूनमध्ये मी एक दोनशे पानी वही आणली. शाळेच्या आधी पुलावर जायचं, आकडा घ्यायचा. पहिल्या वर्षी मी एकटी, मग वर्गातली चार-पाच मुलं यायला लागली. घरी आल्यावर चहाच्या आधी आकडा सांगायची सवय मी लावून घेतली नाही, आईच विचारायची.

2007 च्या जानेवारीत त्यांची टीम आमच्याकडं आली. जलमंडळातली एक तरुण इंजिनियर आमच्या गावभागातल्या घरी राहिली. दोन खोल्या, न्हाणी बाहेर. रोटरीतल्या काही जणांनी सुचवलं होतं की पाहुणीला विश्रामबागेतल्या बंगल्यात ठेवू, तिथं सोयी आहेत. मी अडून बसले. ती भडंगाचा डबा मांडीवर घेऊन ओट्याशी बसायची आणि आईच्या पोळ्या मोजायची. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "पाण्याची खूण कुठं आहे?" खूण होती, मी लाल ऑइलपेंटनं बाहेरच्या भिंतीवर काढलेली. पण घरमालकांनी संक्रांतीच्या आधी घराला रंग दिला त्यात ती गेली. ते वाईट माणूस नव्हते. खूण दिसली की भाडेकरू फिरकत नाहीत, भाव पडतो, त्यांना मुलीचं लग्न काढायचं होतं. मी तिला हे समजावून सांगितलं. तिला समजलं. "आमच्याकडंही अठ्ठेचाळीस वर्षं लागली," ती म्हणाली. मग मी तिला वही दाखवली. एका पावसाळ्याची होती. ती इंजिनियरच्या सवयीनं बोट फिरवत एकेक ओळ वाचत गेली, आणि एका ठिकाणी थांबून म्हणाली, "या तारखेला इंच लिहिलेले नाहीत."

जीएसई 2013 मध्ये बंद झाला. त्याजागी व्यावसायिक प्रशिक्षणाची पथकं आली: एखाद्या विषयातले जाणकार जातात, नेमून दिलेलं काम करतात, मोजता येईल असं काही मागं ठेवतात. ते चांगलंच आहे. शाळकरी मुलांचा यूथ एक्स्चेंज तर अजून जोरात चालतो, आमच्या शाळेतली एक मुलगी ब्राझीलला वर्षभर राहून आली. तरी मला हळहळ वाटते. आमच्यासारख्या तिशीतल्या, कुठलंही नाव नसलेल्या माणसांना पाच आठवडे लोकांच्या स्वयंपाकघरांत सोडून देणं, काही करून दाखवा असं न म्हणता, याचा अहवाल कसा लिहिणार? मी लिहिला होता, बारा पानी. शाळा, बांध, क्लबांच्या बैठका, सगळं होतं त्यात. बाकावरची कॉफी नव्हती.

दर ऑगस्टात झीलंडहून कार्ड येत राहिलं. कॅलेंडरावर वार नसतात, नाव पुसलं जात नाही.

2019 च्या ऑगस्टात ते आलं नाही, कारण पोस्टमन येऊ शकत नव्हता. पाणी 57 फुटांवर गेलं. 2005 ची माझी लाल खूण असती तर ती कुठंतरी खोल पाण्यात असती. ब्रह्मनाळला बोट उलटली, माणसं गेली. आम्ही आधीच, 40 झाल्या झाल्या, निघालो होतो. आईला खुर्चीत बसवून दोघांनी उचललं. माळ्यावर काही चढवलं नाही. मी एक पिशवी घेतली.

विश्रामबागेत ओळखीच्यांकडं आम्ही गादीवर बसून होतो तेव्हा फोन वाजला. लांबचा नंबर. ओमा 79 वर्षांची झाली होती, आवाज बारीक झाला होता, बातम्यांत सांगलीचं नाव दिसलं म्हणाली. वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, आईला दिल्या. मग विचारलं, "दावं?"

मी म्हटलं, "सोडली, ओमा. गावांत बऱ्याच जणांनी सोडली. सगळ्यांना नाही जमलं."

तिकडं थोडा वेळ काहीच नाही. मग तिनं विचारलं, पाणी किती आहे.

मी पिशवीतून वही काढली आणि फूट-इंचात सांगितलं.